पुस्तकं वेळेत येतात, वाचता मात्र येत नाहीत

मार्क द्यायचे तर स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएला पाचपैकी पाच, अभ्यासकेंद्रातल्या सरांना चार आणि विद्यापीठाच्या पीडीएफला दीड. तो दीडही पुस्तकं वेळेत येतात म्हणून. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, माझे चार पेपर अजून बाकी आहेत.

मी जन्मापासून अंध. गाव दारव्हा तालुक्यातलं. कॉलेजला जायचं म्हणजे रोज घरातल्या कोणाची तरी मजुरी बुडणार, म्हणून बीए बाहेरून घेतलं.

एनव्हीडीए म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध माणसानं २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, आणि आजही फुकट मिळतं. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर मजेत चालतं. आवाज तेवढा पत्र्यासारखा. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "काहून वं, याले सर्दी झाली का?" आठवड्याभरात कान सरावला.

आता पीडीएफ. इतिहासाचं पुस्तक उघडलं तर एनव्हीडीए नुसतं "रिकामे" म्हणतं. पानांचे फोटो काढून चिकटवलेत, त्यात अक्षर म्हणून काहीच नाही. अर्थशास्त्राचं त्याहून भारी. ते कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात आहे. डोळ्यांना 'आहे' दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, म्हणून माझ्या कानात पडतं "व्ही के जी एस". प्रत्येक वाक्याच्या शेवटी व्ही के जी एस! महिनाभर घरात सगळे एकमेकांना तेच म्हणत होते.

मग गोठ्याजवळ, जिथे रेंज येते तिथे बसून मी पानं ओसीआरमधून, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढते. फ्रेंच क्रांतीची 'फ्रेंच कांती' होते, ते चालवून घेता येतं. तक्त्यातले आकडे मात्र एका रांगेतून दुसऱ्या रांगेत घुसतात, तिथे धाकट्या बहिणीला बसवावं लागतं.

परीक्षेत लेखनिक मिळाला. तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त, हे केंद्रावर कोणाला ठाऊकच नव्हतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रिंट सोबत नेली होती म्हणून निभावलं. तुम्हीही न्या, सध्या लागू असलेल्या सूचनांची.

सरांना चार मार्क का, तर त्यांनी स्वतःच्या नोट्सची युनिकोडमधली (म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवलेली) वर्ड फाइल व्हॉट्सॲपवर टाकली. मथळ्यांना हेडिंग दिलेलं, त्यामुळे एच दाबला की पुढचा मुद्दा. एका संध्याकाळी सगळी वाचली, कोणाला हाक न मारता. (एक मार्क कापला कारण फोन उचलत नाहीत.)

पुस्तक छापण्याआधी कोणीतरी ते टाइप केलेलंच असतं ना? ती फाइल द्या, एवढंच अर्जात लिहिलंय. दोन महिने झाले. इतिहासाचा तिसरा घटक अजून फोटोच आहे. मंगळवारी पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा केंद्रावर जाते.