'गॉन, बेबी, गॉन' : गल्लीतल्याच माणसाने केलेला तपास

बोस्टन शहराच्या डॉर्चेस्टर भागात राहणारी अमांडा मॅक्रेडी ही चार वर्षांची मुलगी एका रात्री घरातून नाहीशी होते. तिला एकटीला झोपवून आपण शेजारणीकडे टीव्ही पाहायला गेलो होतो, असे तिची आई हेलीन सांगते. पोलिसांच्या हाती काही लागत नाही. अखेर मुलीची मामी बिअट्रिस आणि मामा लायनेल हे पॅट्रिक केंझी आणि अँजेला जेनारो या खासगी गुप्तहेरांच्या जोडीला गाठतात. डेनिस लेहेन यांची 'गॉन, बेबी, गॉन' ही १९९८ सालची इंग्रजी कादंबरी इथून सुरू होते. मूळ पुस्तकात लायनेल हा नुसता 'अंकल' आहे. मराठी वाचकाने मात्र तो 'मामा' आहे हे पहिल्या पानापासून मनाशी धरून वाचावे. आईच्या भावाने भाचीसाठी काय करावे आणि कुठवर जावे, याबद्दल आपल्या मनात जे असते ते या पुस्तकात वारंवार उपयोगी पडते.

मी ही कादंबरी गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी चार रात्रींत वाचून संपवली. लहानपणी करवीर नगर वाचन मंदिरातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आणून वाचणाऱ्या पिढीतला मी आहे. गुप्तहेर म्हटला की वेषांतर, भुयार आणि शेवटच्या पानावर उलगडणारे कोडे, अशी माझी जुनी अपेक्षा असते आणि ती या पुस्तकाने पुरवली नाही, हे आधीच सांगून टाकतो. केंझी वेषांतर करीत नाही, कारण त्याला ते करताच येणार नाही. ज्या वस्तीत तो चौकशी करतो त्याच वस्तीत तो जन्मला आहे, त्याचे कार्यालय तिथल्याच एका चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यात आहे आणि दारू पिऊन दुपारीच बाकड्यावर पडलेल्या माणसाबरोबर तो कधीकाळी शाळेत बसलेला आहे.

कोल्हापूरच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे अनोळखी तरुण गल्लीत शिरला की कट्ट्यावरचा म्हातारा त्याला नाव विचारीत नाही, "कुणाचा रं तू?" असे विचारतो, आणि उत्तरात आजोबांचे नाव आणि तालीम आली की पुढची सगळी दारे उघडतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावे फुटबॉल संघांचीही आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की माणूस शिकलेला आहे की अडाणी, श्रीमंत आहे की गरीब, हे मागे पडून तो कुठल्या बाजूला बसला आहे एवढेच उरते. डॉर्चेस्टरचे आयरिश लोकही एकमेकांना रस्त्याचे नाव विचारीत नसत, 'कुठल्या पॅरिशचा?' असे विचारीत. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. लग्न, शाळा, मयत आणि मारामारी हे सगळे त्या हद्दीतच होत असे. लेहेन स्वतः १९६५ साली आयर्लंडहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी डॉर्चेस्टरमध्ये जन्मले, म्हणून हा तपशील त्यांच्या लेखनात माहितीसारखा वरून टाकलेला दिसत नाही, बोलण्यातून आपोआप येतो.

मात्र या आपलेपणाची एक काळी बाजू आहे आणि कादंबरीचे खरे बळ तिथे आहे. ती कळण्यासाठी थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण लेखक तो कुठेही समजावून सांगत नाही. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ झाला आणि भुकेलेले लोक जहाजे भरून अमेरिकेला निघाले. एकट्या १८४७ या वर्षात सुमारे ३७ हजार आयरिश बोस्टनच्या बंदरात उतरले. जुन्या प्रोटेस्टंट बोस्टनने त्यांना हमाल आणि मोलकरीण यांपलीकडे उभे केले नाही. नोकरीच्या जाहिरातींत आयरिशांनी अर्ज करू नये, असे छापले जाई. बोस्टनच्या पोलीस दलात पहिला आयरिश शिपाई १८५१ साली आला आणि १८८५ मध्ये ह्यू ओब्रायन हे आयर्लंडमध्ये जन्मलेले पहिले महापौर झाले. पुढे पोलीस, अग्निशामक दल आणि नगरपालिका ही या समाजाची हक्काची ठिकाणे झाली. अशा ठिकाणी चोर, त्याला पकडणारा पोलीस, दोघांना ओळखणारा पाद्री आणि दोघांची मते मिळवणारा पुढारी हे एकाच गल्लीतून निघतात. बाहेरच्याने विचारले तर चौघेही सारखेच गप्प बसतात.

हे कादंबरीकाराचे अतिरंजन आहे असे कोणाला वाटले, तर त्याने दक्षिण बोस्टनच्या जेम्स बल्जर या टोळीप्रमुखाची हकीगत आठवावी. हा माणूस एकीकडे खंडणी आणि खून करीत होता आणि दुसरीकडे एफबीआयचा खबऱ्या होता; त्याला सांभाळणारा एफबीआयचा अधिकारी जॉन कॉनोली त्याच वस्तीत लहानाचा मोठा झालेला होता, आणि बल्जरचा सख्खा भाऊ विल्यम हा मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सिनेटचा अनेक वर्षे अध्यक्ष होता. डिसेंबर १९९४ मध्ये अटकेची आगाऊ सूचना मिळताच बल्जर पळाला तो जून २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. 'गॉन, बेबी, गॉन' प्रसिद्ध झाली तेव्हा तो फरारच होता. त्या शहरातल्या वाचकांना कादंबरीतले पोलीस कसे वाटले असतील, याची कल्पना यावरून करता येते.

आपल्याकडे खासगी गुप्तहेर म्हटला की वर्तमानपत्रातली 'विवाहपूर्व चौकशी'ची छोटी जाहिरात डोळ्यांपुढे येते, आणि खरे सांगायचे तर कोल्हापुरात ती चौकशी मुलीचा मामा फुकटात आणि अधिक बारकाईने करतो. कायद्याच्या दृष्टीनेही हा व्यवसाय आपल्याकडे अधांतरी राहिला. खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र या कामासाठी राज्य पोलिसांकडून परवाना घ्यावा लागतो आणि तपासाच्या कामाचा पूर्वानुभव दाखवावा लागतो. केंझी असा परवानाधारक आहे, तरीही परवान्यामुळे त्याचे एकही काम होताना दिसत नाही. पोलिसांना जे सांगितले जात नाही ते त्याला दारूच्या गुत्त्यावर सांगितले जाते, कारण अग्निशामक दलात असलेल्या त्याच्या बापाला सगळे ओळखत होते. बापाचे नाव हेच त्याचे ओळखपत्र आहे. आणि त्या बापाने घरात मुलावर काय काय अत्याचार केले हेही गल्लीला माहीत होते व तेव्हाही कोणी बोलले नव्हते. मुलगा आता त्याच लोकांकडून एका लहान मुलीबद्दल खरे वदवून घेऊ पाहतो. या एका पेचामुळे साधी विचारपूस चाललेली प्रकरणेही पाठलागाच्या प्रकरणांपेक्षा जास्त ताणलेली वाटतात.

पुस्तकाच्या मध्यावर क्विन्सी येथील ग्रॅनाइटच्या खाणींवर रात्री घडणारा एक मोठा प्रसंग आहे. या खाणी काल्पनिक नाहीत. बंकर हिलच्या स्मारकासाठी दगड वाहून नेण्याकरिता १८२६ साली तिथे रेल्वे घातली गेली होती. पुढे काम थांबल्यावर खाणींत पाणी साचले, उड्या मारणारी पोरे त्यात बुडून मेली, आणि शहरात भुयारी महामार्ग खोदताना निघालेली माती टाकून त्या अखेर बुजवल्या गेल्या. 'क्वॉरी' या इंग्रजी शब्दावरून पुण्या-मुंबईच्या वाचकाला कोळशाची खाण दिसली तर नवल नाही. आपल्याला मात्र सरळ 'खण' दिसते. रंकाळ्याजवळच्या इराणी खणीच्या काठावर गणेश विसर्जनाच्या रात्री उभे राहिलेल्या माणसाला उभा कातळ, काळे पाणी आणि खोलीचा अंदाज न येणे या तिन्ही गोष्टी एका शब्दात कळतात. तो प्रसंग मी दोनदा वाचला.

हेलीनचे पात्र हे या कादंबरीतले सर्वांत धाडसी काम आहे. हरवलेल्या मुलीची आई म्हटल्यावर आपण तिला दुःखी समजायला तयार असतो आणि लेखक ती सवलत आपल्याला देत नाही. ती व्यसनी आहे, खोटे बोलते आणि टीव्हीवर आपण कशा दिसलो याची तिला काळजी असते. तरीही तिचे मुलीवर प्रेमच नाही, असे कुठल्याही पानावर बोट ठेवून म्हणता येत नाही. लेखक होण्यापूर्वी लेहेन यांनी अत्याचार झालेल्या मुलांचे समुपदेशक म्हणून काम केले होते. त्या कामाचा संताप पुस्तकात जाणवतो, पण तो हेलीनला राक्षसीण करून मोकळा होत नाही. मुलाला जन्म देणाऱ्या आईचा हक्क मोठा की मुलाचे सुख मोठे, हा प्रश्न शेवटी केंझीसमोर येतो. त्याने काय केले ते मी सांगणार नाही. त्याने जे केले ते मला पटले आणि माझ्या पत्नीला अजिबात पटले नाही. यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला आणि तो मिटलेला नाही.

दोष आहेत आणि ते लपवण्यासारखे नाहीत. केंझी आणि त्याच्या साथीदारांची विनोदी टोलेबाजी पहिल्या शंभर पानांत गोड वाटते, पुढे तिचा कंटाळा येतो. मूल मेले की जिवंत याची खात्री नसताना माणसे इतक्या हजरजबाबीपणे बोलत नाहीत. बब्बा रोगोव्स्की हा शस्त्रांचा धंदा करणारा मित्र नायकाच्या अडचणी फार सहज सोडवतो. असा मित्र प्रत्येक गुप्तहेराला मिळाला तर तपासाची गरजच उरणार नाही. लहान मुलांवरील अत्याचाराचे एक उपकथानक इतके भीषण आहे की घरात लहान मूल असलेल्या वाचकाने ते रात्री वाचू नये. शिवाय संवादांची इंग्रजी रस्त्यावरची आहे. डिजिटल आवृत्तीतल्या शब्दकोशावर बोट ठेवले की शब्दाचा अर्थ मिळतो, पण 'थ्री-डेकर' म्हणजे प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड आणि पुढेमागे सज्जे असलेले तीन मजली लाकडी घर असते व त्यात वरच्या मजल्यावरचे भांडण खालच्या दोन्ही घरांना ऐकू येते, हे शब्दकोश सांगत नाही.

प्रतीबद्दल थोडे. मी सुमारे चारशे पानांची कागदी बांधणीची प्रत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. ती नवी म्हणून पाठवलेली होती, पण पाठीवर घडी पडलेली होती आणि पाने पिवळी होती. तक्रार केल्यावर बदलून मिळाली, मात्र त्यात तीन आठवडे गेले. अक्षर बारीक आहे आणि समास इतका कमी की मधल्या ओळी वाचताना पुस्तक दाबून धरावे लागते. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाने डिजिटल आवृत्तीच घ्यावी.

केंझी-जेनारो मालिकेतले हे चौथे पुस्तक आहे. पहिले, 'अ ड्रिंक बिफोर द वॉर', १९९४ साली आले. क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही, परंतु या दोघांचे नाते आणि केंझीच्या बापाची सावली आधी समजलेली असेल, तर चौथ्याचा शेवट जास्त बोचतो. बेन अॅफ्लेक यांनी दिग्दर्शित केलेला २००७ सालचा चित्रपट आधी पाहू नये, जरी त्यात एमी रायन यांनी हेलीन उत्तम उभी केली आहे आणि त्यासाठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. २०१० सालच्या 'मूनलाइट माइल'मध्ये अमांडा सोळा वर्षांची आहे आणि पुन्हा बेपत्ता झाली आहे. ते पुस्तक मी मागवले आहे. पत्नीने ते आधी आपण वाचणार असल्याचे सांगून ठेवले आहे.