हजेरीशिवाय एम.एस्सी. नर्सिंग : माझे १ लाख ८५ हजार रुपये कसे गेले

मी स्टाफ नर्स. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमानंतरची पदवी), आणि अकरा वर्षं मेडिसिन वॉर्ड. आमच्याकडे नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला येतात. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) कशी टाकायची, इनटेक-आउटपुट चार्ट कसा भरायचा, हे त्यांना दाखवताना नाईटचा थकवासुद्धा जाणवत नाही. त्यामुळे कॉलेजात शिकवायचं हे स्वप्न जुनंच. लेक्चरर व्हायचं तर एम.एस्सी. हवी, आणि ती दोन वर्षं पूर्णवेळ. घरात सासूबाईंचं डायलिसिस, मुलगी सातवीत, घराचा हप्ता माझ्या पगारातून. नोकरी सोडायची कशी?

नेमक्या याच अडचणीवर मला फसवणाऱ्या एजंटचा धंदा चालतो. त्याचा मेसेज आला : ‘नोकरी न सोडता एम.एस्सी. नर्सिंग, हजेरीची अट नाही, आयएनसी मान्यताप्राप्त.’ मी त्याच्या पुण्यातल्या ऑफिसात गेले. माझ्या मनात शंका होती, ती मी बोलूनही दाखवली. त्यानं लगेच लॅपटॉप माझ्याकडे वळवला, इंडियन नर्सिंग कौन्सिलची (आयएनसी, म्हणजे नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणारी देशपातळीवरची संस्था) वेबसाइट उघडली आणि परराज्यातल्या त्या कॉलेजचं नाव यादीत दाखवलं. वेबसाइट खरी होती. यादी खरी होती. कॉलेजसुद्धा खरं होतं. फक्त ती यादी बी.एस्सी.ची होती. कौन्सिलच्या याद्या प्रत्येक कोर्सच्या वेगळ्या असतात, आणि एम.एस्सी.च्या यादीत त्या कॉलेजचं नावच नव्हतं. मी नाव पाहिलं आणि तिथंच थांबले. वर कोर्स कोणता लिहिलाय हे वाचलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

५० हजार, मग ६०, मग ४५, शेवटी ३०. पावती एका ट्रस्टच्या नावाची, पैसे मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात. ‘व्हेरिफिकेशन’ म्हणून माझी मूळ मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटही त्यानं ठेवून घेतलं. दोन वर्षांत मला नोट्सच्या पीडीएफ आल्या. परीक्षेला आम्ही बऱ्याच जणी रात्रभर बसचा प्रवास करून गेलो, तर हॉलमध्ये सगळ्यांसमोर पुस्तकं उघडी. मी तिथून उठून यायला हवं होतं. नाही उठले. तोपर्यंत भरलेले पैसे डोळ्यांसमोर येत होते.

मार्कशीट घेऊन एका कॉलेजात ट्यूटरच्या मुलाखतीला गेले. प्राचार्य मॅडमनी एवढंच विचारलं, “सिस्टर, प्रॅक्टिस टीचिंग कुठे केलंत? लेसन प्लॅन किती झाले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि अभ्यासक्रमच समोर ठेवला. नर्सिंग एज्युकेशन या एका विषयाला १५० तास थिअरी आणि १५० तास प्रात्यक्षिक. क्लिनिकल स्पेशालिटीला, म्हणजे आपण निवडलेल्या खास शाखेला, पहिल्या वर्षी ६५० तास प्रात्यक्षिक, दुसऱ्या वर्षी ९५०. शिवाय स्वतः गाइडच्या हाताखाली केलेला प्रबंध. हे तास घरबसल्या कसे होणार? यूजीसीच्या नियमांनुसार नर्सिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं देताच येत नाही, हेही मला त्या दिवशी कळलं. पुढे आमच्या राज्याच्या कौन्सिलनं वाढीव पात्रता म्हणून ती डिग्री नोंदवायला नकार दिला.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते वेगळंच. नियमित प्रवेशाला बी.एस्सी.त किमान ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. माझे ६१ होते. मी खऱ्या कोर्सला पात्र होते!

त्या माणसाला जाब विचारला तर त्यानं नवीन आमिष दाखवलं. “रजिस्ट्रेशन नाही झालं तरी चालेल सिस्टर, एका कॉलेजात कागदावर फॅकल्टी दाखवतो. इन्स्पेक्शनच्या दिवशी या, दर महिन्याला पैसे मिळतील.” म्हणजे ज्या मुलींना मी शिकवायला निघाले होते, त्यांच्या वर्गात शिक्षक नसणार आणि रजिस्टरवर माझं नाव असणार. मी फोन ठेवला. त्यानंतर मूळ कागद परत द्यायचे तर ‘ऑफिस चार्ज’ म्हणून त्यानं आणखी २५ हजार मागितले.

तुमच्यापैकी कुणी असा प्रवेश घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे देण्याआधी कौन्सिलची वेबसाइट स्वतःच्या मोबाइलवर उघडा. राज्य निवडा, कोर्समध्ये एम.एस्सी. निवडा, मग कॉलेज शोधा. एजंटला सोडून थेट कॉलेजला आणि विद्यापीठाला फोन करा. तुमची स्पेशालिटी कोणती, पोस्टिंग कोणत्या हॉस्पिटलला, गाइड कोण, हे विचारा. ‘पोस्टिंगचं आम्ही बघून घेऊ’ असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. मूळ कागद तपासून झाले की त्याच दिवशी हातात परत घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मी तिथं फार उशिरा पोचले.

मी पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. यूपीआयचे स्क्रीनशॉट, पावत्या, व्हॉट्सअॅपचे मेसेज सगळे जोडलेत. परीक्षेच्या बसमध्ये भेटलेल्या बायकांना मी एकेकीला फोन केले. सहा जणी पुढे आल्या. बाकीच्यांनी घरी सांगितलेलंच नाही. एकीनं सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवल्यात आणि नवऱ्याला वाटतंय, ती आता लेक्चरर होणार. तिला मी दर रविवारी फोन करते. अजून ती ‘पुढच्या आठवड्यात येते ताई’ म्हणते.