बीआरसीए तपासणी: घरपोच सेवा चोख, निकाल सांगण्यात घोळ

बीआरसीए तपासणी म्हणजे स्तन आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारे जनुकांतले बदल शोधणारी रक्ततपासणी. रक्त घ्यायला माणूस वेळेवर घरी येतो, जांभळ्या झाकणाची नळी भरतो, तीन-चार आठवड्यांत निकाल. घोळ पुढे आहे. पीडीएफ थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पडते आणि समुपदेशकाचा फोन दोन दिवसांनी. मधल्या वेळात पेशंट एकटीच ‘व्हीयूएस’ हा शब्द वाचते आणि कॅन्सर झाला असं धरून चालते. व्हीयूएस म्हणजे जनुकात बदल दिसला, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. केवळ तेवढ्यावरून स्तन किंवा बीजकोश काढायचा निर्णय घेत नाहीत.

म्हणून नमुना देतानाच फॉर्मवर लिहून द्या: आधी फोनवर मराठीत समजावणं, मग पीडीएफ. नंबर पेशंटचाच, मुलाचा किंवा दिराचा नको. निकाल कुणाला कळावा हे तिनं ठरवायचं.

समुपदेशन मात्र उत्तम. कुटुंबाचा तक्ता काढून, घाई न करता बोलतात. घातक बदल सापडला तर रिपोर्टमधली ‘सी.’ने (c.) सुरू होणारी, बदल नेमका कुठे आहे ते सांगणारी ओळ जपून ठेवा. सख्ख्या भावंडांत तोच बदल असण्याची शक्यता साधारण 50 टक्के. ती ओळ दाखवली की त्यांची तेवढीच जागा तपासता येते आणि खर्च बराच वाचतो.