ऑपरेशन झकास, नंतरची काळजी मात्र... ५ पैकी ३ स्टार

आमच्या कुत्र्याचं, मोत्याचं गुडघ्याचं लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) तुटलं म्हणून या जनावरांच्या दवाखान्यात हाड कापून प्लेट टाकून घेतली. सर्जन हुशार आहेत यात वादच नाही, तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या पाय टेकवायला लागला. पण दहाव्या दिवशी टाक्यांतून पाणी यायला लागलं आणि तिथून सगळं बिनसलं. आधी सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक दिलं, फरक नाही, मग अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, तरी नाही, आणि कल्चर, म्हणजे जखमेतले जंतू लॅबमध्ये वाढवून तपासणं, करूया का असं विचारलं तर म्हणे थांबा, बरं होईल. कशाला थांबायचं अहो? शेवटी मीच हट्ट धरला, जखमेतला स्वॅब लॅबला गेला आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला, एमआरएसपी. कुत्र्यांच्या कातडीवर एरवी गुपचूप राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूचाच हा मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा भाऊ, याच्यावर पेनिसिलिन-सेफॅलेक्सिन घराण्यातलं काहीच चालत नाही, म्हणजे त्याच घराण्यातल्या आधीच्या दोन्ही गोळ्या फुकटच गेल्या की! वर हे जंतू प्लेटवर बायोफिल्म नावाचा चिकट थर करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. रिपोर्ट बघून औषध बदललं तेव्हा जखम सुकली, पण हाड जुळल्यावर प्लेट काढावीच लागली, ती मात्र त्यांनी सुरेख काढली.

नर्स ताई फार चांगल्या, ड्रेसिंगला दरवेळी नवे ग्लोव्हज, आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर ठेवायची हे त्यांनीच दहादा बजावलं. ऑपरेशनसाठी जा, पण जखम चिघळली तर पहिल्याच दिवशी कल्चर मागा.