खिडकी, कडेची आयल की मधली आयल? रात्रभराच्या विमानात सीट निवडताना

मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ठाण्या-अंधेरीचा माणूस घरी जेवून, तासभर पडून निवांत येतो. आपण कोल्हापूरकरांनी सकाळी दहालाच तावडे हॉटेल ओलांडून शहर सोडलेलं असतं. मग सातारा-कागल रस्त्याची डायव्हर्जन, खंबाटकी, पुण्याबाहेरची कोंडी आणि शेवटी मुंबईतली. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान आहे, पण त्याची वेळ पुढच्या विमानाशी जुळेलच असं नाही, आणि मोठ्या बॅगा असल्या की घरचे ‘गाडीच काढा’ म्हणतात. बोर्डिंगच्या रांगेत उभे राहतो तेव्हा आपण वीसेक तास जागे असतो. सीटबद्दल सल्ला देणाऱ्या बहुतेकांची झोप झालेली असते. हा सल्ला झोप न झालेल्याचा आहे, तसाच तो वाचावा.

शिरोलीत माझं कास्टिंग मशीनिंगचं छोटं युनिट आहे, त्यामुळे जर्मनीच्या फेऱ्या होतात. मुलगी अमेरिकेत, त्यामुळे तिकडच्याही. सगळं इकॉनॉमीतून. बिझनेस क्लासवाल्यांनी वाचून हसायला हरकत नाही.

दोन्ही बाजूंनी माणसं असलेली सीट कोणी मागून घेत नाही, ती सोडून देऊ. मोठ्या विमानात दोन पॅसेज असतात, आणि पॅसेजला लागून असलेली सीट म्हणजे आयल. त्यामुळे खरी निवड तीन जागांत आहे. खिडकी, खिडकीकडच्या तिघांतली आयल, आणि मधल्या पट्ट्यातली आयल. शेवटच्या दोन्ही एकच धरून लोक ‘आयल घेतली’ एवढंच सांगतात. मला विचाराल तर सगळी गोम तिथंच आहे.

आधी खिडकी. तिची बाजू घेणारे लोक चुकीचं बोलत नाहीत. डोकं टेकायला भिंत मिळते, शेजारचे कितीही वेळा उठले तरी तुम्हाला हलावं लागत नाही, आणि तुर्कस्तानवर उजाडलं तर खाली बर्फाचे डोंगर दिसतात, ते एकदा तरी बघावेतच. पण मुंबईहून जाताना बाहेर बहुतेक वेळ काळोख असतो. बघायचं असेल तर येताना खिडकी घ्या. लंडनहून सकाळी निघणारं विमान आग्नेयेकडे येतं, म्हणजे ऊन दिवसभर उजव्या बाजूला. ‘ए’कडची, डावी खिडकी घेतली तर सावलीत बसून बाहेर बघता येतं. बोइंग ७८७ मध्ये खिडकीला झडपच नाही, बटण दाबलं की काच निळसर काळी होते. ती सगळ्या विमानाची एकदम काळी करायची सोय केबिन क्रूकडेही असते. खिडकीचे पैसे भरायचे आणि भर दुपारी काळ्या काचेकडे बघत बसायचं, हे एकदा अनुभवलं की उत्साह जरा उतरतो.

भिंतीचंही तसंच. वर डोक्याला ती सोयीची, पण खाली पायाशी आत वळते आणि गार लागते. बाहेर उणे पन्नासच्या आसपास तापमान असतं, त्याची थोडी चुणूक पोटरीला मिळतेच.

तरी खिडकीविरुद्धचा माझा मुख्य मुद्दा हा नाही. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. घसा सुकतो, म्हणून पाणी प्यावं लागतं. प्यायलं की उठावं लागतं. आणि उठायचं म्हणजे दोन झोपलेली माणसं ओलांडायची. मग खिडकीवाला काय करतो? पाणीच पीत नाही. माझ्या ओळखीतले साखरेचा त्रास असणारे, पन्नाशी उलटलेले कितीतरी लोक हेच करतात आणि उतरल्यावर डोकं दुखतंय म्हणून तक्रार करतात. पायांचंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एक एवढाच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण हे फक्त विमानाबद्दल नाही, बस, रेल्वे, मोटार सगळ्याबद्दल आहे. आपण तर विमानात बसायच्या आधीच गाडीत आठ-नऊ तास बसून आलेलो असतो. म्हणून उठता येणं मला चैनीची गोष्ट वाटत नाही.

इथपर्यंत आलं की माणूस आयलकडे वळतो, आणि समोर दिसेल ती आयल घेतो. ती बहुतेक वेळा कडेच्या तिघांतली असते. तीन-चार-तीन अशा मांडणीत (डावीकडून ए-बी-सी, मधे डी-ई-एफ-जी, उजवीकडे एच-जे-के) ‘सी’ किंवा ‘एच’.

‘सी’वर काय होतं ते सांगतो. फ्रँकफर्टच्या विमानात एकदा माझ्या शेजारी एक बाई आणि पलीकडे खिडकीला एमएस करायला निघालेला मुलगा होता. मुलगा गुणी, घरचं वळण चांगलं. जेवण झालं, दिवे मंद झाले, माझा डोळा लागला, आणि खांद्यावर दोन बोटं टेकली. ‘काका, सॉरी हं.’ आता उठायचं म्हणजे नुसतं उठायचं नसतं. ट्रेवर पाण्याचा अर्धा ग्लास असतो, तो हातात घ्यायचा. ट्रे मिटायचा. हेडफोनची वायर हाताच्या दांडीत अडकलेली असते ती सोडवायची. पट्ट्याचं बकल ब्लँकेटखाली कुठंतरी गेलेलं, ते चाचपायचं. बूट काढलेले, ते पायानं शोधायचे, एक सापडतो. मग मोज्यावरच पॅसेजमध्ये उभं राहायचं. तो मुलगा गेला की बसावं तर दहा मिनिटांत परत उठायचंच आहे, म्हणून ग्लास हातात धरून तसंच थांबायचं. तेवढ्यात बाईंना वाटतं, हे उठलेच आहेत तर आपणही जाऊन यावं. त्या परत येईपर्यंत एअर होस्टेस ‘सर, आपली सीट?’ म्हणून विचारते. हे सगळं होऊन पुन्हा डोळा लागायला अर्धा तास जातो, आणि लागतो न लागतो तोच बोटं पुन्हा खांद्यावर. त्या पोराला काय बोलणार? तो बिचारा सॉरी म्हणतच होता, आणि आपणच त्याच्या दारात बसलोय.

माझा निकाल या एका गोष्टीवर लागला. कडेच्या आयलवर तुम्ही दोन माणसांचे द्वारपाल असता, आणि त्यांना दुसरा रस्ताच नसतो.

मधल्या पट्ट्यात हिशोब बदलतो. चौघांच्या रांगेत ‘डी’ आणि ‘जी’ या दोन्ही टोकांना पॅसेज असतो. ‘ई’वाला ‘डी’ला उठवतो, ‘एफ’वाला ‘जी’ला. म्हणजे तुमच्या वाट्याला एकच माणूस. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० मध्ये बहुतेक ठिकाणी मांडणी तीन-तीन-तीन असते. तिथं मधल्या एकट्याला दोन दारं असतात आणि माणसाचा स्वभाव असा की जो जागा असलेला दिसेल त्यालाच तो उठवतो. म्हणून जेवण आटोपलं की ब्लँकेट तोंडावर घेऊन पडा. थोडं स्वार्थी आहे, मान्य.

‘डी’ आणि ‘जी’मध्येही मी ‘जी’ घेतो. ‘डी’चा पॅसेज डाव्या हाताला येतो आणि उजवं कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत. उजव्या हाताने जेवणाऱ्याला ‘जी’वर जेवताना हात मोकळा राहतो, शिवाय माझा उजवा गुडघा जरा कुरकुरतो, तो बाहेर लांब करता येतो. ट्रॉली येते तेव्हा आत घ्यायचं लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर गुडघ्याचा दुसरा प्रश्न उभा राहतो. डावखुऱ्यांनी हाच परिच्छेद उलटा वाचावा. अजून एक, आयलकडची हाताची दांडी बऱ्याच विमानांत वर जाते. तिच्या खालच्या अंगाला, मागे बिजागरीपाशी, एक लपलेलं बटण असतं. ते सापडलं की उठणं-बसणं खूप सोपं होतं. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मात्र ती खालीच हवी.

मधल्या आयलचे तोटे आहेतच. डोकं टेकायला काही नाही, मानेची उशी न्यावीच लागते. चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या पडद्यांचा उजेड डोळ्यांवर येतो. बाहेर काही दिसत नाही, उतरताना आपण जमिनीपासून किती वर आहोत हे फक्त कानाला कळतं. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तुमच्या पाठीला धरून तोल सावरतो. पण तो धक्का असतो, संवाद नसतो. झोपेत धक्का मला चालतो, ‘काका, सॉरी’ चालत नाही.

इमर्जन्सी दारापाशी पाय ताणायला जागा मिळते म्हणून तिथल्या सीटवर लोक फार जीव टाकतात. तिथं ट्रे आणि पडदा हाताच्या दांडीतून निघतो, त्यामुळे सीट थोडी अरुंद. पायाशी पिशवी ठेवता येत नाही, म्हणजे गोळ्या आणि चष्मा वरच्या कप्प्यात. दाराची गार हवा आणि टॉयलेटची रांग या फुकटच्या गोष्टी. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत बाळांचे पाळणे लागतात. बाळांवर माझा राग नाही, पण वीस तास जागा असेन तर थोडं लांब बसतो. सहा फुटांवर उंची असेल तर तुमचं गणित वेगळं असू शकेल, मी काही तेवढा उंच नाही.

पुढे की मागे, यावर मी फार डोकं खपवत नाही. पंखाजवळ हेलकावे कमी लागतात, शेपटाकडे जास्त, आणि इंजिनाचा आवाज पुढे कमी असतो. पुढे बसून लवकर उतरण्याला अर्थ आहे तो मधे विमान बदलायचं असेल तर. मुंबईत परत आल्यावर पुढचा-मागचा सगळे सामानाच्या पट्ट्यापाशी एकत्रच उभे राहतात. मागे बसायचा खरा धोका जेवणाचा. बऱ्याचदा वाटप पुढून सुरू होतं आणि तुमच्यापर्यंत येईतो चिकन संपलेलं असतं. कोल्हापूरच्या माणसाला पहाटे तीनला पास्ता मिळाल्यावर त्याचा जो चेहरा होतो, तो मी शेजारी बसून पाहिला आहे. खास जेवण आधीच सांगून ठेवलं तर ते सर्वांत आधी येतं. मग तुमचं संपलेलं ताट समोर तसंच आणि ट्रॉली अजून पाच रांगा लांब, तेवढा वेळ अडकून बसायची तयारी ठेवावी.

जोडीने जात असाल तर माझं मत थोडं मवाळ होतं. एअरबस ए३३० मध्ये मांडणी बहुधा दोन-चार-दोन असते. तिथं कडेच्या दोन सीट नवरा-बायकोने घ्याव्यात, तिसरं माणूसच नाही. उठवायचं तर आपल्याच माणसाला. तीन-चार-तीनच्या काही मोठ्या विमानांतही शेपटाकडे विमान निमुळतं होतं म्हणून शेवटच्या काही रांगांत कडेला दोनच सीट उरतात. हलतं जास्त, टॉयलेट जवळ, तरी अनोळखी शेजारी नको असेल तर विचार करण्यासारख्या आहेत. मुलाकडे पहिल्यांदाच निघालेल्या सत्तरीच्या आई-वडिलांसाठी मी मधल्या पट्ट्यातल्या ‘एफ’ आणि ‘जी’ सांगतो, टॉयलेटपासून चार-पाच रांगा लांब. एक जण पॅसेजला, दुसरं त्याच्या शेजारी, आणि दोघांमध्ये कुणीही परकं नाही.

आमच्या घरी मात्र हा सल्ला निम्माच चालतो. बायकोला खिडकीच हवी. ती शाल पांघरून झोपली की थेट उतरायच्या घोषणेलाच उठते, पाणी पिते, टॉयलेटला जाते सगळं मुक्कामाला पोचल्यावर. अशा माणसाला आयल देण्यात काही अर्थ नाही. त्यामुळे ती ‘के’ला आणि मी पॅसेजपलीकडे ‘जी’ला. मधे दोन अनोळखी माणसं आणि एक पॅसेज. तिच्या गोळ्या आणि पासपोर्ट आधीच तिच्याकडे देऊन ठेवतो.

‘जी’ गेली असेल तर मी ‘डी’ घेतो. तीही नसेल तर थेट खिडकी. कडेची आयल त्यानंतर. पण अक्षरावर विसंबू नका. तीन-तीन-तीनच्या विमानात मधल्या पट्ट्याची अक्षरं कंपनीगणिक वेगळी असतात. शिवाय ऐनवेळी विमान बदललं तर सीट आपोआप दुसरीकडे टाकतात आणि कळवतीलच असं नाही. वेब चेक-इन उघडलं की नकाशा पुन्हा एकदा काढून, आपल्या सीटच्या उजव्या हाताला खरंच पॅसेज आहे ना, तेवढं बघून घ्या.