ऑल-इन्क्लुझिव्ह स्की रिसॉर्ट: सगळं झकास, फक्त बिल सोडून

आमच्या ग्रुपमधल्या शलाकाच्या विम्याच्या क्लेमचा निकाल एकदाचा लागला. गुडघा गेला जानेवारीत, पत्र आलं ऑगस्टमध्ये. तोवर थांबायचं ठरवलं होतं, म्हणून हा रिव्ह्यू एवढा उशिरा. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. जागा सांगतो: फ्रान्समधलं पॅराडिस्की, म्हणजे लेझ आर्क आणि ला प्लान्य मिळून झालेला ४२५ किलोमीटर उतारांचा पसारा. पॅकेजमध्ये खोली, तिन्ही वेळचं जेवण, बार, लिफ्ट पास (डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांचं तिकीट) आणि ग्रुप लेसन. स्की, बूट आणि हेल्मेट मात्र भाड्याने, त्याचे पैसे वेगळे. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमचा ग्रुप कॉलेजचा, आता जगभर पांगलेला. मंदार म्युनिकला, थंडीतला प्रत्येक शनिवार डोंगरावर. अमेय पुण्याहून आलेला, एकदा गुलमर्गला जाऊन आल्यामुळे फॉर्मवर स्वतःला ‘इंटरमीडिएट’ लिहिणारा. शलाका आणि रेवती पहिल्यांदाच. नितीनची पाठ धरलेली, त्यामुळे तो फक्त गप्पा मारायला. मी मधला: निळा उतार मजेत, लाल उतार देवाचं नाव घेत. (निळा सोपा, लाल अवघड, काळा सगळ्यात अवघड.)

अशा ग्रुपसाठी जागा शोधताना सगळे किलोमीटर मोजत बसतात. मंदारनेही तेच केलं. ४२५ पैकी शलाका आणि रेवतीच्या वाट्याला आले असतील फार तर दोन, तेही त्याच त्या दोन फिरवून फिरवून. शिकाऊ माणसाला हॉटेलच्या दारात सपाट उतार, शेजारी सरकता पट्टा आणि चहाला आत येता येईल इतकं अंतर, एवढंच लागतं. ते इथे होतं, आणि त्याला पूर्ण मार्क. आमच्याकडे संपूर्ण पॅराडिस्कीचा पास होता. दोन्ही बाजूंना जोडणारी व्हॅनवाझ एक्स्प्रेस ही दुमजली केबल कार आहे, एका वेळी दोनशे माणसं घेते. ती बघायला म्हणून आम्ही एकदा गेलो, तर जोराच्या वाऱ्यामुळे बंद. पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवणाऱ्याला एवढ्या मोठ्या पासचा काय उपयोग? फ्रान्समधल्या बऱ्याच स्की गावांत शिकाऊंसाठी एखाद-दोन लिफ्ट फुकट असतात. पण पॅकेजमधून पास वजा करता येत नाही. नितीनला तर पास आणि लेसन दोन्ही नको होते, तरी भाव तोच. विचारलं, उत्तर आलं, ‘पॅकेज अखंड आहे.’

माझं दुखणं इथेच सुरू झालं आणि अजून थांबलेलं नाही. बिलावर एकच आकडा. खोली किती, पास किती, लेसन किती, काही नाही. नाव, तारखा, रक्कम. बुकिंगच्या वेळी मी फोड मागितली. मिळाली नाही. किराणा दुकानदारसुद्धा तूरडाळ आणि साबण वेगळे लिहून देतो. हजारो युरो घेणाऱ्यांना चार ओळी टाइप करायला काय धाड भरते?

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. याच एका कागदाने पुणेकरांचं व्हिसाचं काम सोपं केलं. शेंगेनसाठी राहण्याचा पुरावा लागतो, आणि इथे पूर्ण पैसे भरल्याचं, सगळ्या तारखांचं पत्र आयतं होतं. तेव्हा मीच व्हॉट्सॲपवर ‘बघा, किती सुटसुटीत’ असं लिहिलेलं अमेयने जपून ठेवलंय.

आम्ही मुद्दाम जानेवारीत गेलो. फेब्रुवारीत फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या तीन झोनमध्ये पाळीपाळीने चालतात, त्यात इंग्लंडच्या शाळांची हाफ-टर्मही येते, त्यामुळे लिफ्टच्या रांगा आणि भाव दोन्ही चढतात. जानेवारीत थंडी जबर आणि दिवस छोटा, पण स्वस्त. तोटा एकच: गर्दी नसल्याने इंग्रजी बोलणारे ग्रुपही कमी. पहिल्या सकाळी सगळ्यांना एका छोट्या उतारावरून सोडलं आणि वळणं बघून ग्रुप पाडले. अमेय ऐटीत लाल उतारवाल्यांमध्ये गेला. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याला दोन ग्रुप खाली आणलेलं होतं. गुलमर्गचा शिकाऊ उतार आणि आल्प्समधला कडक दाबलेला लाल उतार यांतला फरक त्याने स्वतःच नंतर बारमध्ये साभिनय सांगितला. इन्स्ट्रक्टर उत्तम होता. रेवती शेवटच्या दिवशी निळ्या उतारावरून न पडता खाली आली, हे श्रेय त्याचंच.

जेवणाबद्दल आधी तक्रार लिहून ठेवली होती. दुपारचं जेवण पॅकेजमध्ये असलं तरी ते हॉटेलातच. म्हणजे मंदारने सकाळी एग्वी रूजच्या ३२२६ मीटरच्या टोकावर जायचं, तिथून व्हिलारोजेपर्यंतचा लांबलचक काळा-लाल उतार करायचा, आणि मग पोटासाठी लिफ्ट बदलत हॉटेल गाठायचं. पहिले दोन दिवस तो धुसफुसत होता. मीही. डोंगरावर एक हॉट चॉकलेट साडेसहा युरोला, म्हणून जेवण सोडायची माझी तयारी नव्हती. पण नंतर ढग उतरले, वर काही दिसेना, आणि सगळे झक मारत एकाच टेबलावर आले. तेव्हा लक्षात आलं की दिवसभरात सहा जण एकत्र बसतात ती हीच वेळ. पहाटेपासून मंदार वेगळीकडे, शिकाऊ वेगळीकडे, संध्याकाळी निम्मे झोपलेले. नितीन तर दुपारच्या जेवणाची वाट बघत असायचा. लेझ आर्कमधल्या आर्क १६०० या वस्तीवरून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे, सात मिनिटांत खाली बूर-सां-मोरीस गावाला जाते, तिथे तो भटकून यायचा आणि जेवताना वृत्तान्त द्यायचा. तेव्हा ती तक्रार मागे. वेगवेगळ्या तयारीच्या लोकांना जेवणाची जागा एकच असावी, आणि ती शिकाऊंच्या उताराजवळ असावी. मंदार मात्र अजूनही मान्य करत नाही.

शाकाहाऱ्यांसाठी: रात्री रॅक्लेट आणि फोंड्यू हे वितळलेल्या चीजचे प्रकार असतात, तार्तिफ्लेत या बटाटा-चीजच्या पदार्थात खारवलेलं डुकराचं मांस. बोफोर आणि रेब्लोशों ही स्थानिक चीज प्राण्यांच्या रेनेटवर (वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणावर) होतात, तेव्हा कडक असाल तर आधी ठरवून जा. रेवतीने विचारायचंच नाही असं ठरवलं.

आता गुडघा. शलाका जवळजवळ उभ्या-उभ्या पडली. वेगात पडलं की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, बहुतेक वेळा सुटतं. हळू पडताना पाय वळतो, स्की मात्र बुटाला धरून राहते. स्नोप्लाऊमध्ये, म्हणजे वेग आवरायला स्कींची पुढची टोकं जवळ आणून घसरताना, आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं. उतारावरच्या बचाववाल्यांनी स्लेजवरून खाली आणलं, दवाखान्यात ब्रेस लावला. फ्रान्समध्ये उतारावरून खाली आणण्याचे पैसे पडतात. शलाका माझ्यासारखी लंडनकर. तिच्या प्रवास विम्यात विंटर स्पोर्ट्स कव्हर होतं, त्यामुळे ते आणि डॉक्टरचे पैसे मिळाले. त्याच कव्हरमध्ये न वापरलेला लिफ्ट पास, लेसन आणि भाड्याचं सामान यांचेही पैसे मिळतात. पुण्याहून येणाऱ्यांनी पॉलिसी नीट वाचावी, साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बऱ्याचदा वगळलेलं असतं.

भाड्याच्या दुकानाची पावती वेगळी होती: स्की, बूट, हेल्मेट, दर दिवसाचा दर. उरलेल्या दिवसांचे पैसे दोन आठवड्यांत जमा. पास आणि लेसनसाठी विमावाल्यांनी रक्कम दाखवा म्हटलं. रिसॉर्टला लिहिलं. ‘पॅकेज अखंड आहे.’ पुन्हा लिहिलं, की सूट मागत नाही, एका कागदावर आकडे मागतोय. ग्राहक सेवेतल्या वेगवेगळ्या माणसांनी तेच वाक्य वेगवेगळ्या नम्रतेने पाठवलं. शलाका मार्चमध्ये कंटाळली. मी नाही. तिला म्हटलं तू लॉगिन दे, मी लढतो. बायको म्हणाली, जेवढे पैसे अडकलेत त्याहून जास्त तुझा वेळ गेला. खरं आहे. पण जे पॅकेजबाहेर होतं त्याचे पैसे परत आणि जे आत होतं त्याचे बुडीत, हे मला सहन होत नाही.

विमावाल्यांनी शेवटी पासचा जाहीर दर धरून थोडे पैसे दिले. लेसनचे शून्य. वर रिसॉर्टने ‘सद्भावना’ म्हणून व्हाउचर पाठवलंय.

पुढच्या हिवाळ्याचं विचाराल तर मंदार अपार्टमेंट घ्यायचं म्हणतोय, म्हणजे स्वयंपाक कोण करणार हा वाद आत्ताच सुरू. रेवतीला तोच इन्स्ट्रक्टर हवाय. माझी अट एवढीच की ॲडव्हान्स भरायच्या आधी पास आणि लेसनची रक्कम लेखी यावी; मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. व्हाउचर शलाकाच्या नावावर आहे, दुसऱ्याला देता येत नाही, आणि ती म्हणते यापुढे बर्फ फक्त सरबतात.