जुनी मारुती ८०० ठेवावी की नवी एसयूव्ही घ्यावी?

दारात जुनी मारुती ८०० अजून धडधाकट आहे आणि घरची मंडळी नव्या एसयूव्हीसाठी मागे लागली आहेत, अशी गोव्यात फोंडा-डिचोलीकडे बरीच घरं आहेत. आमच्याकडे काही काळ दोन्ही होत्या.

पणजी, मडगाव, मोपाचा विमानतळ, अशा लांबच्या फेऱ्यांना नवी गाडी नक्कीच सरस. नव्या जुवारी पुलावर ती स्थिर चालते, पावसात चोर्ला घाट उतरताना एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) मोठा आधार वाटतो. आमच्या ८०० ला एबीएस नाही, एअरबॅगही नाही. चौघं बसले की घाटात तिला खालच्या गिअरवर आणावंच लागतं.

पण माझं रोजचं जाणं-येणं सावईवेऱ्याकडचं. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे म्हणजे दगडी कुंपणं, पलीकडे कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, आणि पुढचं वळण अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही. तिथे नव्या गाडीची एकच गोष्ट मला सतत नडली: पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे जाड खांब. गाडी उलटली तर छप्पर चेपू नये म्हणून ते भक्कम करतात. त्यात काच तिरकी, म्हणून खांबही आडवा होत पुढे झुकतो. उजवीकडे वळताना त्याच्याआड अख्खी स्कूटर लपते, आणि दोघांचा वेग जुळला तर ती तोंडावर येईपर्यंत लपलेलीच राहते. एका सकाळी सायकलवरचा पदेर, म्हणजे पाववाला, मला असाच दिसला नाही. काचा बंद, एसी चालू, त्याचा भोंपूही ऐकू आला नाही. त्याने सायकल गडग्याला टेकवली म्हणून निभावलं. पुढे प्रत्येक वळणावर मी सीटवरून वाकून खांबाच्या पलीकडे बघू लागलो, मान धरायची.

८०० चे खांब मनगटाएवढेही वाटत नाहीत. बॉनेट आखूड, चारी बाजूंना भरपूर काच, रुंदी जेमतेम १.४४ मीटर. समोरून बस आली तरी गडग्याला न घासता बाजूला घेता येते.

अपघातात तेच बारीक खांब तुम्हाला कमी वाचवतील, हेही तितकंच खरं. रोज महामार्गावर जाणार असाल, मागे लहान मुलं बसणार असतील, तर ८०० ठेवा असं मी म्हणणार नाही. जुन्या गाडीचा व्यापही असतो: १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, पावसाळ्याआधी खालून गंजरोधक कोटिंग, आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून रबरी पाइपांवर लक्ष. तरी गावातल्या गावात फिरायचं असेल तर माझा कल ८०० कडेच. आमची नवी गाडी मुलाकडे पुण्याला गेली, ही दारात राहिली.

नवी घ्यायचीच असेल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या रुंद रस्त्यावर उरकू नका. गाडी आपल्या वाड्यावर, म्हणजे राहत्या वस्तीत, आणायला सांगा, रोजच्या वळणावर थांबा आणि घरातल्या कुणाला तरी समोरून स्कूटर हळू आणायला लावा. ती कुठे दिसेनाशी होते आणि पुन्हा कधी दिसते, ते सीटवर सरळ बसून बघा.